दिलेली मदत आणि मागता येणारी मदत



आजचा विषय आहे, कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या छोट्या, स्वतंत्र गेम डेव्हलपरना जी मदत करतात, तिचं मूल्यमापन. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने व्हिडिओ गेमच्या भानगडीत कशाला पडायचं, असं काहींना वाटेल. पण देणारा आणि घेणारा यांच्यातलं नातं काय, उपकार कुठे संपतो आणि हक्क कुठे सुरू होतो, हे प्रश्न आमच्या विषयातले जुने प्रश्न आहेत. आज ते ज्या धंद्यात अगदी उघडेवाघडे दिसतात, तो हा धंदा आहे. शिवाय ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत किती घरांत मुलं-मुली अ‍ॅनिमेशन नाहीतर कॉम्प्युटर शिकताहेत, ते आपण पाहतोच. त्यातल्या काहींना नोकरीपेक्षा स्वतःचा गेम करायचा आहे. त्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हा विषय समजून घ्यायला हवा.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. कन्सोल म्हणजे मुख्यतः टीव्हीला जोडायचं, खास खेळासाठी केलेलं यंत्र. सोनीचं प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स, निन्टेन्डोचं स्विच. यंत्र बनवणारी कंपनी स्वतः काही गेम काढते, पण बहुतेक गेम बाहेरचे लोक करतात. त्यांना थर्ड-पार्टी म्हणतात. त्यातले जे पाच-दहा जणांच्या चमूने, मोठ्या भांडवलाशिवाय काम करतात ते इंडी. आता मुख्य मुद्दा बघा. घरच्या कॉम्प्युटरवर तुम्ही केलेला गेम तुम्ही कुणालाही देऊ शकता, तो चालेल. कन्सोलवर तसं नाही. कंपनीची मंजुरी असल्याशिवाय तिथे गेम चालत नाही. यंत्र ग्राहकाने विकत घेतलेलं असतं, गेम डेव्हलपरचा असतो, पण मधलं दार कंपनीचं असतं.

या दारातून आत येणाऱ्याला कंपनी काय देते? एक, डेव्ह-किट. म्हणजे गेम तयार करताना तपासून बघण्यासाठीचं खास यंत्र. हे दुकानात मिळत नाही, आणि बऱ्याचदा कंपनीच्याच मालकीचं राहतं. दोन, तांत्रिक साहाय्य आणि विक्रीपूर्व तपासणी. तीन, ऑनलाइन दुकानात जागा, आणि नशीब असेल तर दर्शनी जागा. चार, पैसा. कधी आगाऊ रक्कम, कधी ठरावीक काळ गेम फक्त आपल्याच यंत्रावर ठेवण्याचा मोबदला, कधी गेम पाससारख्या वर्गणीच्या योजनेत घेतल्याबद्दलची रक्कम. बदल्यात विक्रीतल्या शंभर रुपयांतले साधारण तीस कंपनी ठेवते.

हे सगळं आभाळातून पडलेलं नाही. १९७९ साली अटारी कंपनीतले चार प्रोग्रॅमर बाहेर पडले. त्यांच्या गेमवर कंपनी पैसा करत होती, पण त्यांचं नाव कुठे नव्हतं आणि विक्रीत वाटाही नव्हता. त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली, अटारीच्याच यंत्रासाठी गेम बनवले आणि करणाऱ्याचं नाव ग्राहकापुढे आणलं. अटारी कोर्टात गेली, १९८२ साली तडजोड झाली. थर्ड-पार्टी ही गोष्ट जगात आली ती अशी, कंपनीच्या इच्छेविरुद्ध. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग अमेरिकेत गेमचा पूर आला, बरेचसे टाकाऊ, आणि १९८३ साली तिथला बाजार कोसळला. निन्टेन्डोने यातून धडा घेतला. १९८५ साली अमेरिकेत आणलेल्या यंत्रात त्यांनी कुलपाची चिप बसवली. परवाना घ्यायचा, वर्षाला पाचच गेम काढायचे, दोन वर्षं तो गेम दुसऱ्या यंत्रावर न्यायचा नाही, आणि कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच, पैसे आगाऊ भरून, तयार करून घ्यायचे. दार म्हणजे काय, ते या अटींवरून कळतं.

आपल्याकडे त्या काळात गंमतच होती. नव्वदच्या दशकात डोंबिवलीच्या नाहीतर ठाण्याच्या चाळीतल्या टीव्हीला जे यंत्र जोडलेलं असायचं, ते बहुधा निन्टेन्डोच्या जपानी यंत्राची नक्कल. 'सामुराई' वगैरे नावं, आणि एका कॅसेटमध्ये पन्नास-शंभर गेम. या यंत्रांना कुलूप नव्हतं. पण ज्यांनी ते गेम केले त्यांना त्यातून छदामही मिळाला नाही. तेव्हा कुलूप काढलं की कलावंताचं भलं होतं, असं सोपं समीकरण कुणी मांडू नये.

आता दाराची कडी सैल कधी झाली ते पाहू. १९९४ साली प्लेस्टेशन आलं. सोनी या धंद्यात नवखी होती, तिला बाहेरचे डेव्हलपर हवे होते. सीडी कार्ट्रिजपेक्षा खूप स्वस्तात तयार होत होती. १९९७ साली 'फायनल फँटसी'चा सातवा भाग प्लेस्टेशनवर आला. ही मालिका तोवर निन्टेन्डोच्या यंत्रांवर वाढलेली होती. मायक्रोसॉफ्टची गोष्ट तशीच. २०१२ साली 'फेझ' नावाच्या इंडी गेमच्या दुरुस्तीत एक दोष निघाला, थोड्या खेळाडूंचा जतन केलेला खेळ बिघडत होता. पुन्हा दुरुस्ती करायची तर तपासणीचं शुल्क भरावं लागणार होतं. ते हजारो डॉलरमध्ये आहे, आम्हाला झेपणार नाही, असं डेव्हलपरने जाहीर सांगितलं आणि दोष तसाच राहू दिला. म्हणजे स्वतःची चूक सुधारायलाही मालकाला पैसे मोजायचे. २०१३ साली नवं एक्सबॉक्स येऊ घातलं होतं आणि सोनी इंडी मंडळींना जवळ करत होती. तेव्हा मायक्रोसॉफ्टने हे शुल्क काढून टाकलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'आयडी अ‍ॅट एक्सबॉक्स' योजना आणली. दोन डेव्ह-किट मोफत, आणि मधला प्रकाशक नसला तरी चालेल.

यातून निघतं ते असं. कंपनी हात पुढे करते तेव्हा तिला गरज असते. यंत्र नवं असतं, स्पर्धा तीव्र असते, दुकान रिकामं असतं. गरज सरली की हात आखडतो. मायक्रोसॉफ्टनेच २००८ साली हौशी डेव्हलपरसाठी वेगळं दुकान उघडलं होतं, ते २०१७ साली बंद केलं. तिथे ज्यांनी गेम विकायला ठेवले होते, त्यांचं दुकान त्यांच्या पायाखालून गेलं. यात कुणी दुष्ट नाही. धंदा आहे. पण धंद्याला धंदा म्हणावं, त्याला आश्रयदात्याचा फेटा बांधू नये.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम केला. राजी ही डोंबाऱ्यासारखी कसरत करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात, आणि दुर्गेचा वरदहस्त लाभलेली राजी त्याला शोधायला निघते. २०१७ साली स्टुडिओने किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभारायचा प्रयत्न केला, तो उद्दिष्टापर्यंत पोचला नाही. काम चालू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एकाने राहतं घर विकलं, हे त्यांनीच मुलाखतींतून सांगितलेलं आहे. पुढे सुपर डॉट कॉम हा प्रकाशक मिळाला, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोच्या इंडी गेमच्या जागतिक कार्यक्रमात राजी झळकली. त्याच दिवशी ती स्विचवर विक्रीला आली, आणि ठरावीक काळ कन्सोलमध्ये फक्त तिथेच राहिली. ऑक्टोबरमध्ये ती इतर यंत्रांवर आणि कॉम्प्युटरवर आली. वर्षअखेरीस 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या उत्तम इंडी गेमसाठी तिला नामांकन मिळालं.

कलाकृती म्हणून राजी कशी आहे? तिचं दृश्यरूप मनापासून दाद देण्यासारखं आहे. राजस्थानी वास्तूंच्या धर्तीचे वाडे-किल्ले, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारे रंग, आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांतून सांगण्याची कल्पना. भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की पुराणकथा ऐकू येते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून गोष्ट पुढे जाते, हे निवेदनही कीर्तनाच्या, आख्यानाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला परकं वाटत नाही. पण लढाया पुढे पुढे त्याच त्याच होतात, आणि कथा जिथे खोलात जाईल असं वाटतं तिथेच गेम संपतो. चार-पाच तासांत सगळं उरकतं. राजीचं धैर्य दिसतं, तिचं मन फारसं दिसत नाही. हे दोष प्रतिभेच्या अभावाचे वाटत नाहीत. वेळ कमी पडल्याच्या खुणा आहेत त्या, आणि या धंद्यात वेळ म्हणजे पगार.

इथे आमचा पहिला आक्षेप येतो. कन्सोल कंपनीने जगाच्या व्यासपीठावर राजीला उभं केलं, ही मोठी मदत होती, ती नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण प्रकाशझोत पडला तो गेम जवळजवळ उभा राहिल्यावर. घर विकण्याची जोखीम आधीच कुणीतरी उचलली होती. ज्याच्याकडे विकायला घर नाही, त्याची राजी त्या कार्यक्रमापर्यंत पोचतच नाही, आणि न पोचलेल्यांची नोंद कुठेच होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. राजी पहिल्यांदा ज्या स्विचवर आली, ते यंत्र तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकानही भारतासाठी नव्हतं. पुण्यात घडलेली, आपल्या पुराणांवर उभी असलेली ही मुलगी कल्याणच्या मुलाला भेटायची, तर त्याने परदेशातून आणलेलं यंत्र जास्त पैसे मोजून घ्यायचं, किंवा वाट बघायची. स्टुडिओला दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनी उघडलेल्या दारातून पाऊल टाकलं. पण मदत करणाऱ्याचा नकाशा आणि कलावंताचा नकाशा एक नसतो, हे इथे कळतं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत राजीला हिंदी आवाज मिळाला. मराठीची पाळी कधी येणार, हे कोणतं यंत्र कोणत्या बाजारात खपतं यावर ठरणार असेल, तर आपण थोडं अस्वस्थ व्हायला हरकत नाही.

भारतात अशी मदत पहिल्यांदाच होते आहे असंही नाही. २००९ साली सोनीने हैदराबादेत तयार झालेला 'हनुमान: बॉय वॉरियर' प्लेस्टेशन टूवर आणला. त्याच वर्षी आपले देशी खेळ असलेला 'देसी अड्डा' आला. २०१० साली मुंबईच्या ट्राइन गेम्सने केलेला 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आला. जगात प्लेस्टेशन टू उताराला लागलं होतं, भारतात स्वस्तात खपत होतं, म्हणून भारतीय गेम हवे होते. २०१३ च्या सुरुवातीला त्या यंत्राचं उत्पादन थांबलं. लाट ओसरली, आणि ती लाट अंगावर घेऊन उभी राहिलेली संस्था, परंपरा, टीकाव्यवहार असं मागे फारसं काही उरलं नाही.

आता २०२३ साली सोनीने 'इंडिया हिरो प्रोजेक्ट' जाहीर केला. चीनमध्ये २०१६ पासून असाच उपक्रम आहे. निवडलेल्या डेव्हलपरना पैसा, जाणकारांचं मार्गदर्शन आणि जगापुढे येण्याची संधी. पहिल्या निवडीत मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा 'मुक्ती' आहे. एका संग्रहालयातून फिरताना मानवी तस्करीचं वास्तव उलगडत नेणारा हा गेम. 'फिशबोल' हाही त्यात आहे. परक्या शहरात, घरातूनच काम करताना आजीच्या जाण्याचं दुःख पचवणारी मुलगी त्यात आहे. विषय बघा. तलवारी नाहीत, असुर नाहीत. घर विकायची वेळ येण्याआधी हात देणारी, आणि अशा विषयांना हात देणारी योजना ही आधीच्यापेक्षा निश्चित पुढची पायरी आहे. हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो.

मग आक्षेप कुठे आहे? त्यासाठी थोडं नाटकाकडे वळू, ते आपल्या पट्ट्याच्या अंगात आहे. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकाची चळवळ उभी राहिली. शाळेने जागा दिली, 'आविष्कार'ने ती जिवंत ठेवली, आणि मराठी रंगभूमीला एक पिढी मिळाली. पण जागा दिलेली होती. ती चालू राहण्याची हमी कलावंतांच्या हाती नव्हती, आणि पुढे चळवळीला ते सभागृह सोडावं लागलं. याच्या शेजारी ठाण्याचं गडकरी रंगायतन, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर ठेवा. ही महापालिकांची नाट्यगृहं. तिथल्या ध्वनियंत्रणेबद्दल, स्वच्छतागृहांबद्दल, तारखांबद्दल आपण सगळे कुरकुर करतो. पण एखाद्या हौशी संस्थेला तारीख नाकारली, तर ती संस्था कारण विचारू शकते. दर काय, नियम काय, दुसऱ्याला तारीख कशी मिळाली, हे माहितीच्या अधिकारात मागू शकते. नगरसेवकाच्या दारात जाऊ शकते. छबिलदासमध्ये जिव्हाळा होता. पालिकेच्या नाट्यगृहात जिव्हाळा असेल नसेल, पण विचारण्याची सोय आहे.

कान्टने १७९५ साली, शाश्वत शांतीवरच्या आपल्या छोट्या ग्रंथात, न्यायाची एक कसोटी सांगितली आहे. आशय असा, की दुसऱ्याच्या हक्काशी संबंध असलेलं जे कृत्य ज्या तत्त्वावर उभं आहे, ते तत्त्व उघड सांगितलं तर कृत्यच फसेल, ते कृत्य अन्याय्य समजावं. हीच कसोटी इथे लावून बघू. कन्सोल कंपन्यांचे डेव्हलपरबरोबरचे करार सहसा गुप्ततेच्या कलमाखाली असतात. कुणाला किती आगाऊ रक्कम मिळाली, दर्शनी जागा कोणत्या निकषावर मिळाली, अर्ज का फेटाळला, हे बाहेर बोलता येत नाही, आणि बऱ्याचदा सांगितलंही जात नाही. दोन डेव्ह-किट मोफत, ही गोष्ट जाहीर आहे, म्हणून तिच्याबद्दल बोलता येतं. पण डोंबिवलीतल्या एखाद्या मुलीने चार वर्षं खपून गेम केला आणि उत्तरच आलं नाही, तर ती कुणाला विचारणार? काय विचारणार?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे. मदतीचं मोजमाप निवडलेल्यांच्या यादीवरून करू नका. ज्याला नाकारलं, त्याला काय विचारता येतं, त्यावरून करा. निवडलेल्या पाचांचे हसरे फोटो कोणतीही कंपनी देईल. न निवडलेल्यांना लेखी कारण देणारी, पुढच्या वर्षी पुन्हा या म्हणून सांगणारी आणि निकष आधी जाहीर करणारी मदत, तिला आम्ही चांगली मदत म्हणू.

यावर उलट बाजूचं बोलणंही ऐकलं पाहिजे. कंपनी म्हणेल, यंत्र आमचं, संशोधनाचा खर्च आमचा, तोट्यात यंत्र विकण्याचा धोका आमचा. दुकानात काय ठेवायचं हे आम्हीच ठरवणार. आणि दार सताड उघडं ठेवलं की काय होतं ते १९८३ ने दाखवलंच. या म्हणण्यात तथ्य आहे. कॉम्प्युटरवरच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात थोडं शुल्क भरून कुणीही गेम ठेवू शकतो, आणि हजारोंच्या गर्दीत चांगला गेमही बुडतो. निवड हवी. आमचा विरोध निवडीला नाही. राज्य नाट्य स्पर्धेतही निवड होतेच. १९५४ पासून होते आहे. पण तिथे नियम छापलेले असतात, परीक्षकांची नावं कळतात, निकालावर वर्तमानपत्रांत भांडता येतं. त्या भांडणांतूनच आपली नाट्यसमीक्षा वाढली. जिथे भांडता येत नाही, तिथे समीक्षाही रुजत नाही.

दुसरा आक्षेप असा, की खाजगी कंपनीवर अशी बंधनं कोण घालणार? चित्रपटाचं उदाहरण ताजं आहे. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ द्यावी असा आग्रह धरला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. तरी एक गोष्ट कळली. चित्रपट करायला अनुदान देणं आणि तो लोकांना दिसेल अशी वेळ मिळवून देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५ साली महाराष्ट्र मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी धोरण मंजूर केलं. त्यातून इमारती आणि प्रशिक्षण केंद्रं होतील तर चांगलंच. पण आपण नागरिकांनी विचारायला हवं, की या पैशातून एखाद्या मराठी गेमची पहिली दोन वर्षं, म्हणजे घर विकण्याची दोन वर्षं, कशी निभावतील? डेव्ह-किट वापरता येईल अशी सुरक्षित जागा कल्याण-ठाण्याच्या एखाद्या सार्वजनिक संस्थेत का असू नये? आणि सरकारी मदत दिली, तर तिचे निकष तरी माहितीच्या अधिकारात मिळतील ना?

तरुण मित्रांना दोन शब्द. मदत मिळाली तर संकोच न करता घ्या. स्वाभिमानाचा खोटा टेंभा मिरवू नका. मात्र करारातल्या तीन गोष्टी वकिलाकडून वाचून घ्या. गेमची मालकी कुणाची, इतर यंत्रांवर तो कधी नेता येईल, आणि कंपनीने दुकान बंद केलं तर तुमचा गेम तुमच्याकडे परत येतो का. आणि अ‍ॅक्टिव्हिजनचे ते चार जण विसरू नका. कंपनीला तुमची गरज आहे. रिकाम्या यंत्रासाठी कुणी पन्नास हजार रुपये मोजत नाही. मालक नोकरावर अवलंबून असतो आणि ते त्याला उशिरा कळतं, असं हेगेल सांगून गेला. ते नोकराने लवकर ओळखावं, एवढीच भर आम्ही घालतो.

आई-वडिलांनाही एक विनंती. मुलगा गेम करतोय म्हणजे गेम खेळतोय असं समजू नका. आणि घर विकू नका. घर विकावं लागणार नाही अशी व्यवस्था मागा, मोठ्याने मागा.

इथे थांबतो. प्रश्न असतील ते जरूर विचारा, विशेषतः ज्यांचे अर्ज फेटाळले गेले असतील त्यांनी.